मैदान, रंगमंच आणि बघणाऱ्याची उंची

गेल्या २६ जानेवारीला आमच्या शाळेच्या मैदानावर १४४ मुलामुलींनी लेझीम खेळता खेळता एक होडी तयार केली आणि समोर मंडपात बसलेल्या एकाही माणसाला ती दिसली नाही. होडीची नाळ, म्हणजे पुढचे टोक, खाडीच्या दिशेने होती, मधोमध डोलकाठी होती, शिडासाठी निळ्या ओढण्या घेतलेल्या सहावीच्या मुलींचा त्रिकोण होता, आणि हे सर्व जांभ्या कातळावरच्या त्या सपाट मैदानात नेमक्या जागी उभे राहिले होते. मंडप मात्र मैदानाच्याच पातळीवर होता. तिथे बसलेल्या पालकांना पुढच्या रांगेतील मुले दिसली, त्यांच्यामागे डोकी दिसली, आणि त्यांच्यामागे उंचावलेल्या लेझमी. ज्यांनी आयुष्यभर होड्या हाकल्या अशी माणसे त्या गर्दीत होती, आणि त्यांच्यासमोर उभी असलेली होडी त्यांच्या नजरेआड राहिली.

संध्याकाळी आमच्या एका माजी विद्यार्थ्याने ड्रोनने केलेले चित्रीकरण गावातल्या सर्वांच्या मोबाइलवर पोहोचले, आणि मग मला एकामागून एक फोन येऊ लागले. ‘बाई, ती होडी होती होय!’ मला आनंद झाला, परंतु चित्रीकरण स्वतः पाहिले तेव्हा दुसरीच गोष्ट मनाला लागली. होडी पूर्ण होते, क्षणभर स्थिर राहते, आणि लगेच दृश्य बदलून प्रमुख पाहुण्यांचा चेहरा दिसतो. पुन्हा मैदान दिसते तेव्हा होडीची लाट झालेली असते. होडी मोडून लाट होण्याच्या ज्या सोळा मात्रा होत्या, ज्यांच्यासाठी मी मुलांना दीड महिना चालवले होते, त्या कापल्या गेल्या होत्या. मंडपातल्या डोळ्यांना चित्र दिसले नाही आणि ड्रोनच्या डोळ्याला चित्रांमधला प्रवास महत्त्वाचा वाटला नाही. मैदानावरची समूहरचना या दोन गोष्टींवर उभी असते, आणि त्या दिवशी आमच्या दोन्ही गोष्टी हातातून निसटल्या.

या विषयाकडे मी आणखी एका वाटेने आले आहे. अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना, म्हणजे सुपर बोल, आपल्याकडे सोमवारी पहाटे सुरू होतो आणि त्याच्या मध्यंतरातील बारा-पंधरा मिनिटांचा कार्यक्रम, ज्याला हाफटाइम शो म्हणतात, साधारण सकाळी साडेसहाच्या सुमारास येतो. शाळेला निघण्यापूर्वी मी गेली काही वर्षे तो नेमाने पाहते, आणि नववी-दहावीची मुले त्याचे तुकडे मागाहून मोबाइलवर पाहतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या स्टेडियममध्ये केंड्रिक लामार गात असताना लाल, पांढऱ्या आणि निळ्या कपड्यांतील नर्तकांनी अमेरिकेचा ध्वज तयार केला. तो मधोमध दुभंगलेला होता आणि गायक त्या भेगेत उभा होता. दुसऱ्या दिवशी दहावीच्या मुली माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, ‘बाई, आपण तिरंगा असा करू या का?’ मी लगेच हो म्हटले नाही. त्या ध्वजाचे मला कौतुक वाटले होते, तरीही तो आमच्या मैदानावर जसाच्या तसा उतरणार नाही हे मला कळत होते, आणि का उतरणार नाही हे नीट सांगायला मला बराच विचार करावा लागला.

मुळात मध्यंतराची ती वेळ मार्चिंग बँडची होती. जानेवारी १९६७ मध्ये लॉस एंजेलिसला पहिला सुपर बोल झाला, तेव्हा मध्यंतरात मैदानावर उतरली ती ॲरिझोना विद्यापीठाची आणि ग्रॅम्बलिंगच्या महाविद्यालयाची वाद्यपथके. विद्यापीठांच्या सामन्यांत ही प्रथा त्याहून जुनी आहे. ओहायो स्टेट विद्यापीठाचे पथक १९३६ पासून मैदानावर आपल्या राज्याचे नाव वळणदार अक्षरांत लिहिते. एका घट्ट गोळ्यातून वादकांची एकेरी ओळ सुटते आणि प्रत्येक जण पुढच्याच्या पाठोपाठ वाजवत चालत राहतो, अशा रीतीने ते नाव उमटत जाते. शेवटी एक वादक आपले अवजड सूसाफोन घेऊन डौलात येतो आणि इंग्रजी ‘आय’ या अक्षरावरच्या टिंबाच्या जागी उभा राहतो. मला हे पाहताना नेहमी मोडीतली ओळ आठवते, जिच्यात लेखणी शक्यतो उचलायची नसते. इथे चित्र आधी ठरवून मग दाखवलेले नाही; लिहिण्याची क्रिया हेच चित्र आहे आणि प्रेक्षकाला ती आरंभापासून दिसते.

सुपर बोलच्या मध्यंतराचे स्वरूप बदलले ते १९९३ मध्ये. आदल्या वर्षी मिनियापोलिसच्या सामन्यात हिवाळ्याच्या कल्पनेवर बेतलेला कार्यक्रम सुरू असताना दुसऱ्या एका वाहिनीने त्याच वेळेत आपला विनोदी कार्यक्रम थेट दाखवला आणि लक्षावधी प्रेक्षक तिकडे गेले. त्यानंतर पॅसाडिनाच्या रोझ बोल स्टेडियममध्ये मायकल जॅक्सनला बोलावण्यात आले. तो मंचावर आला आणि कितीतरी वेळ नुसता निश्चल उभा राहिला. त्या उभे राहण्यात या कार्यक्रमाचा पुढचा सगळा इतिहास आहे असे मला वाटते, कारण एक माणूस हलत नाही आणि कोट्यवधी माणसे त्याच्याकडे पाहत राहतात, हे कॅमेरा जवळ असल्याशिवाय घडू शकत नाही. स्टेडियमच्या वरच्या पायरीवरून तो माणूस तांदळाच्या दाण्याएवढा दिसत असणार. घरात बसलेल्याला मात्र त्याचा चष्मा दिसत होता.

तेव्हापासून हाफटाइम शो हा पडद्यासाठी रचलेला कार्यक्रम झाला आणि मैदान ही रंगमंच ठेवण्याची जागा झाली. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही, कारण त्यामागचे कसब अफाट आहे. खेळाडू आत गेल्यापासून सात-आठ मिनिटांत शेकडो माणसे चाकांच्या गाड्यांवरून मंचाचे तुकडे मैदानात ढकलत आणतात, ते एकमेकांना जोडतात, वीज आणि ध्वनीच्या तारा जुळवतात, आणि कार्यक्रम संपताच तितक्याच वेगाने सारे बाहेर नेतात, आणि या सगळ्यात गवताला इजा होऊ द्यायची नसते. २०२३ मध्ये ॲरिझोनातील ग्लेंडेलला रिहानासाठी तरंगते मंच छतावरून टांगले होते, त्यात गवत वाचवण्याचाही विचार होता. पॅरिस गोबेल या नृत्यदिग्दर्शिकेने पांढऱ्या कपड्यांतील नर्तकांचा थवा आणि त्यात एकटी लाल कपड्यांतील गायिका अशी योजना केली होती. मंच वर-खाली होत असताना नर्तकांच्या रांगा कधी खालच्या पट्टीवर आडव्या दिसत, तर कधी हवेत एकावर एक रचल्यासारख्या. मैदानाच्या लांबी-रुंदीला तिथे उंची मिळाली होती, आणि मी पाहिलेल्या हाफटाइम कार्यक्रमांत मला तो सर्वांत विचारपूर्वक रचलेला वाटतो.

पण त्या कार्यक्रमात नर्तकांनी एका जागेवरून दुसऱ्या जागी जाण्याचे काम पुष्कळदा कॅमेऱ्याने केले. कॅमेरा जवळून पाहत असताना बाकीचे नर्तक नव्या जागी पोहोचतात, आणि कॅमेरा मागे आला की नवी रचना तयार असते. प्रेक्षकाला दोन चित्रे दिसतात. मधली वाट दिसत नाही, कारण दिग्दर्शकाला ती दाखवण्याची गरज नसते. २०१० पासून या कार्यक्रमाचे चित्रीकरण हॅमिश हॅमिल्टन हे एकच दिग्दर्शक करत आले आहेत, आणि त्यांची दृश्य बदलण्याची जागा ही नृत्यरचनेइतकीच ठरवून घेतलेली असते. आमच्या ड्रोनवाल्या मुलाने नकळत हेच केले होते.

याच्या नेमक्या उलट टोकाला ड्रम कोअर नावाचा प्रकार आहे, आणि माझे मन तिकडे ओढ घेते. पहिल्या आणि दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत माजी सैनिकांच्या संघटनांनी बिगुल आणि ढोलांची तरुणांची पथके चालवली, त्यांतून ही कला वाढली. १९७१ मध्ये ड्रम कोअर इंटरनॅशनल ही संस्था स्थापन झाली आणि १९७२ मध्ये विस्कॉन्सिनमधील व्हाइटवॉटर येथे तिची पहिली अजिंक्यपद स्पर्धा झाली; अलीकडे अंतिम फेरी इंडियानापोलिसच्या लुकास ऑइल स्टेडियममध्ये होते. प्रत्येक पथकात दीडशेच्या आसपास मुलेमुली, वय फार तर एकवीस-बावीस, आणि सादरीकरण दहा-बारा मिनिटांचे. त्यासाठी ती मुले संपूर्ण उन्हाळा बसमधून गावोगाव फिरतात, शाळांच्या व्यायामशाळांत जमिनीवर झोपतात आणि दिवसभर उन्हात तालीम करतात. त्यांच्यात एकटा झळकणारा तारा कोणी नसतो. परीक्षक आणि प्रेक्षक मैदानाच्या मधल्या रेषेसमोर, उंचावर बसतात, आणि संपूर्ण रचना त्या उंचीवरच्या डोळ्यासाठी कागदावर काढलेली असते.

ती कशी काढतात हे समजून घेतले तेव्हा मला माझ्या कामातला खरा आधार सापडला. अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर दर पाच यार्डांवर रेषा असते, म्हणजे साधारण ४.५७ मीटरवर. दोन रेषांमध्ये आठ पावले टाकायची हा त्यांचा पायाभूत नियम आहे, त्यामुळे एक पाऊल सुमारे ५७ सेंटिमीटरचे होते आणि संगीतातील आठ मात्रांचे वाक्य एका पट्टीत बसते. प्रत्येक मुलाला प्रत्येक चित्रातील स्वतःच्या जागेचा ठिपका ठाऊक असतो: अमुक रेषेपासून इतकी पावले आत, पुढच्या रेषेपासून इतकी पावले मागे. असे अनेक ठिपके लिहिलेली छोटी वही ती तालमीच्या वेळी सोबत बाळगतात. एका ठिपक्यावरून दुसऱ्यावर जायला किती मात्रा आहेत हेही ठरलेले असते. ज्याला लांब जायचे त्याचे पाऊल मोठे, ज्याला जवळ जायचे त्याचे लहान, पण निघायचे एकाच क्षणी आणि पोहोचायचे एकाच क्षणी. म्हणजे दीडशे माणसे दीडशे वेगवेगळ्या लांबीची पावले एकाच लयीत टाकत असतात. चालताना टाच आधी टेकवून पाऊल पुढे गुंडाळल्यासारखे टाकतात, म्हणजे कमरेच्या वरचे शरीर डचमळत नाही आणि तोंडाला लावलेले वाद्य हलत नाही. मागे चालताना टाच टेकवतच नाहीत.

आपल्याकडे पी.टी.च्या तासाला ‘आगे बढ’ म्हटले की मुले निघतात, आणि ‘थम’ म्हटले की थांबतात. मधल्या पावलांचा हिशेब आपण शिकवत नाही. मी २०२२ पासून मैदानावर फक्कीने दर चार मीटरवर रेषा आखते आणि आमच्या मुलांच्या अनवाणी पावलाला मानवेल असे आठ पावलांचे माप धरते, म्हणजे एक पाऊल ५० सेंटिमीटर. पहिल्या आठवड्यात मुलांना हे फार जाचक वाटते. त्यानंतर मात्र सातवीतला एखादा मुलगा डोळे मिटून चार मीटर चालतो आणि बरोबर रेषेवर थांबतो, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जो विश्वास दिसतो, त्याचे मोल मी शब्दांत सांगू शकत नाही.

या कलेला नवे वळण देणाऱ्यांमध्ये जॉर्ज झिंगाली यांचे नाव घ्यावे लागते. १९८० च्या दशकात न्यू जर्सीच्या गारफील्ड कॅडेट्स या पथकासाठी त्यांनी रचना केल्या आणि १९८३, १९८४ आणि १९८५ अशी सलग तीन वर्षे ते पथक अजिंक्य ठरले. त्याआधी बहुतेक पथके मैदानाच्या मधल्या रेषेभोवती आरशासारखी दोन्ही बाजूंना सारखी मांडलेली असत. डावीकडे जे, तेच उजवीकडे. झिंगाली यांनी हा समतोल मोडला. एका बाजूला दाट गर्दी, दुसऱ्या बाजूला एकच लांब वक्ररेषा, आणि ती वक्ररेषा गर्दीला ओढून नेत असल्यासारखी सरकत जाते. जुनी ध्वनिचित्रफीत धूसर आहे, तरी ती पाहताना मला आमच्या किनाऱ्यावरची रापण आठवते. जाळ्याची दोन्ही टोके धरून माणसांच्या दोन रांगा वाळूवर मागे मागे येत असतात, मध्ये पाण्यात जाळ्याचा कमानीसारखा वाक लहान लहान होत जातो, आणि कोणत्याही क्षणी ते दृश्य थांबवले तरी त्यात ओढ दिसते. झिंगालींच्या रचनेत कुठेही थांबा, ती अपुरी वाटत नाही. दोन चित्रांच्या मधली जागा त्यांनी रिकामी ठेवली नाही.

आता आवाजाबद्दल, कारण माझ्याकडून सर्वांत मोठी चूक तिथे झाली आणि ती सुधारताना मी सर्वांत जास्त शिकले. २०१९ मध्ये मी ताशा आणि हलगी मंडपाजवळ ठेवली होती, म्हणजे पाहुण्यांना नीट ऐकू येईल. आमचे मैदान मंडपापासून मागच्या बांधापर्यंत सुमारे साठ मीटर आहे आणि त्या वर्षी मुलांची शेवटची रांग जवळजवळ बांधाला टेकली होती. ‘चार आवाज’ हा साधा प्रकार सुरू झाला आणि लेझमींचा एक ठोका ऐकू येण्याऐवजी खळखळ ऐकू येऊ लागली. मी मागच्या रांगेतल्या मुलांना रागावले, आणि तो माझा अन्याय होता. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. ताशाचा ठोका साठ मीटरवर पोहोचायला जवळजवळ ०.१८ सेकंद लागतात. मागची मुले तो ऐकून लेझीम वाजवतात, आणि त्यांचा आवाज मंडपापर्यंत परत यायला तितकाच वेळ. म्हणजे मंडपात त्यांची लेझीम सुमारे ०.३५ सेकंद उशिरा पोहोचत होती. मिनिटाला शंभर ठोक्यांची लय धरली तर एक ठोका ०.६ सेकंदांचा, मागची रांग अर्ध्याहून अधिक ठोका मागे पडलेली ऐकू येत होती, आणि तरीही एकाही मुलाचे चुकले नव्हते.

ड्रम कोअरवाल्यांना हा हिशेब पाठच असतो. त्यांच्यात मैदानाच्या पुढच्या कडेला मॅरिम्बासारखी (लाकडी पट्ट्यांचे मोठे वाद्य) जागा न सोडणारी वाद्ये असतात, आणि त्या वादकांना शिकवले जाते की समोरच्या संचालकाच्या हाताकडे पाहून वाजवू नका, मागून येणाऱ्या ढोलांचा आवाज ऐका आणि त्यात आपला आवाज मिसळा. ज्याचा आवाज सर्वांत लांबून येतो त्याच्या हाती लय द्यायची आणि पुढच्यांनी ती झेलायची, म्हणजे सगळ्यांचा आवाज प्रेक्षकापर्यंत एकत्र पोहोचतो. मी हे वाचून आमच्या ताशावाल्या काकांकडे गेले. गेली तीस वर्षे शिमग्यात पालखीपुढे वाजवणारे ते गृहस्थ माझे सगळे गणित शांतपणे ऐकून घेत म्हणाले, ‘मागसून वाजवतो, बाय,’ आणि पुढच्या वेळी आपण होऊन बांधाजवळ जाऊन उभे राहिले. मागच्या रांगेने ताशा ऐकला की लगेच लेझीम वाजवली, मग तिच्या पुढच्या रांगेने, मग तिच्याही पुढच्या रांगेने, आणि प्रत्येक रांगेचा आवाज ताशाच्या आवाजाबरोबर पुढे येत गेला. मंडपात एकच ठोका पडला. डोळ्यांना पुढची रांग किंचित मागाहून हललेली दिसत असेल, परंतु तेवढे डोळा सांभाळून घेतो. कान घेत नाही.

तेव्हाच माझ्या ध्यानात आले की आपली जाखडी या प्रश्नात कधी अडकलीच नाही. ढोलकीवाला आणि गाणारे मध्ये बसतात, भोवती फेर धरून नाचणारे, एका पायात चाळ. केंद्रापासून प्रत्येक नाचणारा सारख्याच अंतरावर असतो, त्यामुळे ढोलकीची थाप सर्वांच्या कानी एकाच क्षणी पडते. शिवाय गोलाला समोरची बाजू नसते. गणपतीत आमच्या आळीत जाखडी नाचते तेव्हा माणसे चारी बाजूंनी उभी असतात, लहान मुले ओट्यावर आणि आम्ही मुली पूर्वी माडीच्या खिडकीत, आणि प्रत्येकाला आपापल्या जागेवरून पूर्ण नाच दिसतो. दशावताराला पडद्यासमोरची जागा लागते, लेझीम संचलनाला उंच बघणारा लागतो, हाफटाइम शोला कॅमेरा लागतो. जाखडीला अंगण पुरते. मला मात्र मैदान भरायचे असते आणि दीडशे मुलांचा एक गोल केला तर मध्ये भलीमोठी पोकळी उरते, म्हणून मी अनेक लहान फेर करून ते एकमेकांत उलगडण्याचा प्रयत्न करत असते. प्रत्येक फेराला स्वतःची हलगी द्यावी का, यावर काकांचे आणि माझे अजून एकमत झालेले नाही. त्यांच्या मते चार हलग्या म्हणजे चार गावे.

हाफटाइम शोमध्ये हा सगळा प्रश्न तंत्राने मिटवलेला असतो. संगीताचा मोठा भाग आधी ध्वनिमुद्रित केलेला असतो आणि गायकाच्या कानात ती लय थेट पोहोचते, त्यामुळे कोण कुठे उभा आहे याने फरक पडत नाही. जागा आणि आवाज यांचे नाते तिथे तुटलेले असते. म्हणूनच मला २००७ चा मायामीचा कार्यक्रम इतका जवळचा वाटतो. मुसळधार पावसात प्रिन्स आपल्या चिन्हाच्या आकाराच्या मंचावर गात आणि गिटार वाजवत होता, आणि अंधारात फ्लोरिडा ए अँड एम विद्यापीठाचे मार्चिंग बँड गणवेशावर चमकत्या पट्ट्या लावून मैदानावर उतरले. गुडघे उंच उचलून चालण्याची त्या विद्यापीठाची परंपरा आहे. पावसात त्या चमकत्या पट्ट्या वर-खाली होताना अंग दिसत नव्हते, नुसती चाल दिसत होती. तारा आणि पथक यांपैकी कोणी कोणाची सजावट झाले नव्हते. ज्यांची मूळ जागा होती त्यांना ती काही मिनिटे परत मिळाली, असे मला ते पाहताना वाटले. डिसेंबर २०२४ मध्ये नाताळच्या दिवशी ह्यूस्टनला झालेल्या एका फुटबॉल सामन्याच्या मध्यंतरात गायिका बियॉन्सेने टेक्सास सदर्न विद्यापीठाच्या बँडला सोबत घेतले, तेव्हाही मंचावर वादकांची रास भरलेली पाहून मन भरून आले, पण ते वादक मुख्यतः मंचाची मागची भिंत होऊन उभे होते आणि मैदानाचा कागद कोराच राहिला.

उलट दिशेचा प्रवासही सुरू आहे. २००४ पासून ड्रम कोअरमध्ये ध्वनिवर्धकाला परवानगी मिळाली, २००९ पासून इलेक्ट्रॉनिक वाद्यांनाही, आणि गेल्या दशकभरात मैदानावर मोठमोठे उतार, चौकटी आणि मंच येऊ लागले आहेत. २०१६ मध्ये ओहायोच्या ब्लूकोट्स पथकाने अजिंक्यपद जिंकले, तेव्हा त्यांच्या मैदानावर घसरगुंडीसारखे वक्र उतार होते आणि मुले वाद्यांसह त्यांवरून खाली येत. ते सादरीकरण देखणे होते यात शंका नाही. उतारावरून घसरणाऱ्या शरीराची गती रचनेचाच भाग होती, आणि ती कल्पना नुसती शोभेची नव्हती. तरीही वस्तू वाढू लागल्या की माणसे त्या वस्तूंच्या आसपास थांबू लागतात, थांबली की ठिपके कमी होतात, आणि हळूहळू मैदानाचा पुन्हा रंगमंच होतो, ही भीती मला वाटते. आमच्या गावातही एका वर्षी प्लायवूडची मोठी होडी करून ती मैदानात आणावी अशी सूचना आली होती. ती देखणी झाली असती, सगळ्यांना दिसलीही असती. मी नको म्हटले, कारण मग मुलांना होडी व्हावे लागले नसते, फक्त होडीभोवती नाचावे लागले असते.

दहावीच्या मुलींना तिरंग्याबद्दल मी अखेर जे सांगितले ते असे. केंड्रिक लामारचा ध्वज पायऱ्या-पायऱ्यांच्या मंचावर उभा होता आणि कॅमेरा त्याच्यासमोर नेमक्या उंचीवर आणलेला होता. म्हणून तो ध्वज दिसला. आपल्याकडे पायऱ्या नाहीत आणि कॅमेराही नाही. आपल्याला बघणाऱ्यालाच वर नेता येईल का ते पाहायला हवे. त्यावर त्यांच्यातली एक पटकन म्हणाली, ‘बाई, पायऱ्या आहेत की.’

मैदानातून शाळेच्या वरच्या इमारतीकडे जाणाऱ्या जांभ्याच्या एकवीस पायऱ्या आहेत. त्यांवरून मी रोज चढते-उतरते, आणि तिथे बसून मैदान पाहावे हे मला इतक्या वर्षांत सुचले नव्हते. मुख्याध्यापक सरांचा आक्षेप रास्त होता: ध्वजस्तंभ खाली आहे, प्रमुख पाहुणे ध्वजाजवळ हवेत, आणि वयस्कर माणसांना पायऱ्या चढायला कोण सांगणार? आता असे ठरले आहे की ध्वजवंदन खालीच होईल, नंतर पाहुणे आणि पालक पायऱ्यांवर बसतील, आणि वयस्करांसाठी वरच्या व्हरांड्यात खुर्च्या राहतील, जिथे रस्त्याच्या बाजूने चढ न चढता येता येते. मंडपाचा खर्च वाचेल, त्यात चार नव्या हलग्या येतील की एकच मोठा ढोल, ते अजून ठरायचे आहे.

गेल्या शनिवारी मी प्रथमच मुलांचे दोन भाग केले. निम्मी मुले खाली होडीच्या आपापल्या ठिपक्यांवर उभी राहिली आणि निम्मी पायऱ्यांवर बसली. काका बांधाजवळ होते. ताशा वाजला, खालची अर्धीमुर्धी होडी सोळा मात्रांत लाट होत सरकू लागली, आणि वर बसलेली मुले एकदम गप्प झाली. सुकाण्याच्या जागी उभी राहणारी आठवीतली एक मुलगी, जिला गेली दोन वर्षे फक्त पुढच्या मुलीची पाठ दिसत आली आहे, ती उभी राहून बोट दाखवू लागली. ‘बाई, ते तिथे भोक दिसतंय ना, मागे? ती माझी जागा?’ मी हो म्हटले. तिने ती रिकामी जागा लाटेबरोबर खाडीच्या दिशेने सरकताना शेवटच्या मात्रेपर्यंत पाहिली, ओठांत पावले मोजत, आणि मग आपली लेझीम घेऊन पायऱ्या उतरू लागली.